शिंगं, शेपूट आणि साहेबाचा हुरडा

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येत होतं, आणि त्यामुळेच माझ्या धाकट्या दिरांचं लग्न मोडायला आलं होतं.

मी अकोल्याला मामांकडे राहून इंग्रजीच्या चार इयत्ता शिकले आणि लग्न होऊन अनसिंगला आले. सासरी ज्वारी, कापूस आणि बैल. तेव्हा इंग्रजी शब्द कसे बनतात हे मी घरच्यांना बैलावरूनच समजावलं. मधे धड, पुढे शिंगं, मागे शेपूट. मागे 'मेंट' किंवा 'नेस' असं शेपूट दिसलं की नाम झालं. पुढे 'डिस' किंवा 'मिस' अशी शिंगं असली की बैल मारका. अर्थ उलटा तरी, नाहीतर वाकडा तरी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गुरांच्या बाजारात मोठे जाणकार. ते खूश झाले.

"म्हंजे शिंगं-शेपूट पाह्यलं का झालं. बाकी जनावर पाहाची गरजच नाई."

मी हो म्हणाले. (इथेच कोणीतरी मला थांबवायला हवं होतं.)

त्या साली वाशीमच्या रस्त्याचं काम निघालं आणि नव्या गोऱ्या साहेबाने माझ्या दिरांना, शंकरभाऊजींना, मुकादम नेमलं. 'अपॉइंटमेंट' हा शब्द मीच घरात फोडून सांगितला: अपॉइंट म्हणजे नेमणं, मेंट हे शेपूट, झाली नेमणूक! आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाऊजींची आणि शब्दाची एकदमच दृष्ट काढली. लगोलग मालेगावचे तुळशीरामजी आपली मुलगी द्यायला तयार झाले. अट एकच, पोरगा नोकरीत पाहिजे. नुसते शेतीवाले जावई त्यांच्याकडे आधीच पुष्कळ होते. भाऊजींनी ती मुलगी शेलूबाजारच्या बाजारात एकदा पाहिली होती आणि तेव्हापासून ते ताटावर बसले की भाकरी मोडायचंच विसरत. नोकरी गेली असती तर मुलगी गेली असती, आणि मुलगी गेली असती तर भाऊजी कामातून गेले असते.

साहेबाला हुरडा खायचा होता आणि मालेगावच्या पाहुण्यांना साहेब पाहायचा होता. मी दोन्ही गोष्टी आमच्या मळ्यात एकाच सकाळी बसवल्या. एका आगटीत दोन कामं! सतरंज्या, गोवऱ्या, तिळाची चटणी, गूळ, साहेबासाठी खुर्ची, खुर्ची मातीत रुतू नये म्हणून पायांखाली फळ्या, सगळं मी स्वतः उभं राहून पाहिलं. साहेबाचा दौरा लांबत गेल्याने बेत दोनदा पुढे ढकलावा लागला, तेवढं सोडलं तर कुठेही काही चुकलं नव्हतं.

पण ऐन सकाळी साहेब आला तो एकटाच. त्याचा दुभाषी तापाने फणफणला होता. साहेब नुकताच विलायतेहून आलेला. त्याला 'पानी' आणि 'जल्दी' एवढंच येत होतं. भाऊजींना 'येस सर' एवढंच.

"आपली सूनबाई हाय ना," मामाजी पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मग काय! डोक्यावरचा पदर नीट ओढून मी साहेबाच्या खुर्चीमागे निंबाखाली उभी राहिले. माझ्या चार इयत्ता छातीत धडधडत होत्या.

आगटीतल्या निखाऱ्यांतून ज्वारीची पहिली कणसं निघाली. यांनी (माझ्या यजमानांनी) ती हातावर चोळून दाणे काढले. भाऊजींनी साहेबापुढे द्रोण धरला. साहेबाने मूठभर दाणे तोंडात टाकले, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. तो भाऊजींकडे पाहून काहीतरी बोलला. त्याचं इंग्रजी आमच्या मास्तरांसारखं सुटंसुटं नव्हतं, त्यातून तोंडात हुरडा. मला एकच शब्द स्पष्ट ऐकू आला.

डिसअपॉइंटमेंट.

मी जागच्या जागी गार पडले. धड ओळखीचं, शेपूट ओळखीचं, पण पुढे ही एवढी शिंगं! अपॉइंटमेंट म्हणजे नेमणूक, मग डिसअपॉइंटमेंट म्हणजे?

"काय म्हून राह्यला सायेब?" आत्याबाईंनी मागून विचारलं.

"भाऊजींची नेमणूक उलटली," मी कुजबुजले.

आत्याबाईंना कुजबुजणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. "नोकरी गेली?" त्या म्हणाल्या, आणि विहिरीवरचे बैलसुद्धा थबकल्यासारखे वाटले.

मी घाईघाईने पाहुण्यांकडे पाहिलं. तुळशीरामजी गाल फुगवून, भुवया आवळून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं, कळेना. तोंड हलत होतं, पण शब्द बाहेर येत नव्हता. राग गिळताहेत, असं मी समजले.

साहेब परत बोलला. या वेळी ऐकू आलं, "हार्डनेस!" हार्ड म्हणजे कठोर, नेस म्हणजे पणा. मी आत्याबाईंना सांगितलं की आपण कठोरपणा करतो आहोत हे साहेब स्वतःच कबूल करतो आहे.

"मंग कायले करते?" आत्याबाईंनी रास्त प्रश्न विचारला.

भाऊजींचे डोळे भरून आले. (आगटीचा धूर, असं ते अजूनही सांगतात.) तेवढ्यात साहेबाने रिकामा हात पुढे करून तिसरा शब्द टाकला, "रिप्लेसमेंट." मी मनातल्या मनात तोही फोडला. रि म्हणजे पुन्हा, प्लेस म्हणजे जागा, मेंट म्हणजे शेपूट. शंकरभाऊजींच्या जागी दुसरा माणूस पाहिजे, आणि तोही इथे, आत्ता, हातावर!

मी मामाजींना जवळ बोलावून तिन्ही शब्द क्रमाने सांगितले. मग बाजारात सौदा फिसकटायला लागला की करत तसं त्यांनी केलं, दुसरं जनावर पुढे आणलं.

"दुसरा पाह्यजे ना त्याले? मंग आपला थोरला देऊ. नोकरी घरात राह्यन. सोयरिकीचं मंग पाहू."

"मले? मले कायले?" हे चटणीचा हात तसाच धरून म्हणाले. पण मामाजींनी त्यांना दंडाला धरून साहेबासमोर उभं केलंच. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी घसा साफ केला, नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य गोऱ्या माणसाला ऐकवलं.

"सर, युवर रिप्लेसमेंट."

साहेबाने यांना पागोट्यापासून वहाणांपर्यंत पाहिलं. मग द्रोणाकडे पाहिलं. पुन्हा यांच्याकडे पाहिलं. मामाजींना वाटलं, माल पसंत पडत नाही. त्यांनी स्वतःचं पागोटं काढून साहेबाच्या बुटांपुढे ठेवलं. साहेब दचकून उठला, खुर्ची फळ्यांवरून घसरून आडवी झाली, आणि आत्याबाईंनी रडायला सुरुवात केली.

साहेबाने ते पागोटं दोन्ही हातांनी उचलून मामाजींना परत दिलं. मग द्रोणातला एक दाणा घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला, समोरच्या दातांत ठेवला आणि चावला.

कट्ट!

"हार्डनेस," साहेब गालावर हात ठेवून म्हणाला. दाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "डिसअपॉइंटमेंट." आणि आगटीशेजारी ठेवलेल्या एका कोवळ्या कणसाकडे बोट करून फार आशेने म्हणाला, "रिप्लेसमेंट?"

मी सगळं नीट पाहिलं होतं. फक्त दोनदा बेत पुढे ढकलल्यावर दाणा चावून पाहिला नव्हता. तेवढ्या दिवसांत ज्वारी पिकून हुरडा निब्बर होऊन गेला होता.

"आता समजलं," कोणीतरी म्हणालं. ते तुळशीरामजी होते. त्यांनी बाजूला वळून तोंडातला घास थुंकला. राग वगैरे काही नव्हता. बिचारे मघापासून एकच बोकणा चावत होते, आणि सोयऱ्याच्या घरचा पहिला घास थुंकावा कसा या संकटात होते.

भाऊजींनी धीर एकवटून होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "मंग, मामाजी, आपलं ते..."

"सोयरिक पक्की," तुळशीरामजी आमच्या मामाजींकडे वळून म्हणाले. "एका भावासाठी दुसरा भाऊ उभा राह्यते, बाप पागोटं काढते, असं घर मले दुसरं कुठी भेटन? पन एक सांगतो इवाई, लग्नात या सूनबाईले मंगलाष्टकं म्हनू देऊ नोका. पोट्टीचं लगन भलत्याच संगं लागून जाईन."

सगळे हसले. हे जरा जास्तच हसले. भाऊजींनी ते कोवळं कणीस स्वतः भाजून साहेबाला दिलं. काय घोटाळा झाला हे साहेबाच्याही ध्यानात आलं असावं, कारण माझा उतरलेला चेहरा पाहून तो मोठ्या मायेने म्हणाला, "ओन्ली अ मिसअंडरस्टँडिंग."

पुन्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आता काय म्हनते?" आत्याबाईंनी विचारलं.

या वेळी मी घाई केली नाही. शांतपणे शब्द फोडला. मिस म्हणजे चुकीचं, अंडर म्हणजे खाली, स्टँडिंग म्हणजे उभं राहणं.

मी पदर सावरला, आणि मुकाट्याने निंबाखालून निघून उन्हात जाऊन उभी राहिले.