डाव्या दरवाजाचा टवका

मंगळवार, ४ मार्च २०२५, सकाळी अकरा. माझ्या संग्रहातील बोटभर लांबीची धातूची अँबेसेडर घेऊन मी काष्टीला, गाड्या रंगवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. तिच्या डाव्या दरवाजाचा टवका उडाला होता. तो भरून हवा होता.

त्याने आधी चिंधीला हात पुसले, मग भिंगातून पाहिले. "पुढची जाळी चौकटीची. म्हंजी मार्क टू. खऱ्या लई रंगवल्या आमी."

ब्रश बुडवताना त्याने विचारले, "पाडली कुनी?"

"पत्नीने, पुसताना. ती आता नाही."

त्याने ब्रश धुऊन ठेवला. "मग न्हाई करत, सायेब. रंग कुनीबी लावील. टवका कोन आनून दील?"

इतकी वर्षे या गाड्या मी जपल्या. जपणे त्याला अधिक कळत होते.

घरी येऊन गाडी कपाटात ठेवली, डावा दरवाजा पुढे करून.