केसरबाईंच्या दारावरची पेटी

केसरबाईंविषयी लिहायचं तर त्यांच्या दारावरच्या पेटीपासून सुरुवात करावी लागेल. बाकी त्यांचं आयुष्य कासारवाडीतल्या कितीतरी बायकांसारखंच आहे, आणि कुणाला उगीच मोठं करून दाखवायची मला सवय नाही.

लग्न होऊन त्या उस्मानाबादकडच्या खेड्यातून इथं आल्या. स्टेशनच्या बाजूच्या आमच्या गल्लीत, तोंडाशीच, नवऱ्याची दोन खोल्यांची जागा. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत भट्टीवर होता. सेकंड शिफ्टला छातीत कळ आली आणि गेला. कंपनीनं केसरबाईंना कँटीनला घेतलं. त्यांनी निवृत्त होईपर्यंत तिथं चपात्या लाटल्या आणि एकुलत्या एका पोराला, संघर्षला, शिकवलं. अकरावी-बारावीला तो माझ्याकडे इंग्रजीला होता. हुशार, पण घाईचा. आता तळवड्याच्या आयटी पार्कात असतो.

पेटी आली ती संघर्ष रांगत होता तेव्हा. गल्लीत केबल नवीन. भीमराज नावाचा पोरगेला तरुण खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन दारोदार फिरत होता. गल्लीच्या तोंडापर्यंत येता येता लाइनचा जोर संपायचा. तिथं जोर वाढवणारी एक पेटी बसवणं भाग होतं, आणि तिला कुणाच्या तरी मीटरवरून अहोरात्र वीज हवी होती. बदल्यात त्या घराला केबल फुकट. तरी कुणी तयार होईना. एकाला तिची गुणगुण नको, दुसऱ्याला वाटे वीज पडेल. केसरबाई म्हणाल्या, “लाव बाबा माझ्या दारावर. मला एवीतेवी झोप येत न्हाई.”

तेव्हापासून सगळ्या गल्लीचं चित्र त्यांच्या घरातून पुढं जातं. लोक गावाला जाताना मेन स्विच बंद करून जातात, केसरबाईंनी तो कधी बंद केला नाही. शेजारच्या शालनबाईंकडे किल्ली ठेवून, “पेटीकडं बघ गं,” असं बजावून त्या एसटीत बसत. वीजवाला मीटर बदलायला आला तेव्हा पेटीचा हिरवा दिवा पुन्हा लागेपर्यंत त्यांनी त्याला दारातून हलू दिलं नव्हतं.

भीमराजनंही स्वतःची एक रीत बसवली होती. तक्रार आली की तो गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबवायचा आणि केसरबाईंच्या खिडकीतून आत बघायचा. टीव्ही चालू दिसला, म्हणजे तिथपर्यंत लाइन ठीक, बिघाड पुढं. मग तो थेट पुढं जायचा. “केसरमावशीचा टीव्ही म्हंजे माझा टेस्टर,” असं सगळ्यांना सांगायचा.

या एप्रिलमध्ये संघर्षनं घरात मोठा टीव्ही आणला. वायफाय घेतलं, सिनेमे-मालिका बघायची दोन अॅप्स घेतली, आणि फुकटच्या चॅनेलसाठी छतावर छत्री बसवली. केबल कायमची बंद. मला मुद्दाम बघायला बोलावलं. मी माझी केबल कधीच तोडली होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्याकडे पोचले तेव्हा फिटर नुकता गेला होता आणि भिंतभर निळा उजेड पडला होता.

“मॅडम, बघा क्लॅरिटी,” संघर्ष म्हणाला. “जगातलं काहीही मागा.”

“मिनलचं लाव,” केसरबाई म्हणाल्या.

मिनल म्हणजे गल्लीच्या मध्यावर राहणाऱ्या अर्जुनरावांची मुलगी. भीमगीतांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती. कार्यक्रम पिंपरीतल्या एका हॉलमध्ये होता आणि आमच्या भागातल्या केबलचा जो स्वतःचा छोटा चॅनेल आहे, ज्यावर एरवी पाणी येणार नाही आणि कुणाचं निधन झालं एवढंच दाखवतात, त्यावर थेट दिसणार होता. मिनलबरोबर तिची आई गेली होती. अर्जुनराव मागं राहिले ते आपल्या आईसाठी. आक्काबाई कंबर मोडल्यापासून खाटेवर. नातीला सूर त्यांनीच शिकवला. त्या दिवशी त्यांची खाट टीव्हीसमोर आणून ठेवली होती आणि अर्धी गल्ली त्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली होती.

संघर्षनं रिमोट तोंडाशी धरून सांगितलं, “भीमगीत स्पर्धा, मिनल.” टीव्हीनं पंजाबी लग्नाचं गाणं लावलं.

“ही का मिनल?” केसरबाईंनी विचारलं.

“थांब आई, शोधतो. हे बघ, भीमगीतंच भीमगीतं. केवढी आहेत!”

“मला केवढी नकोत. आपल्या पोरीचं पायजे.”

तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ झाली, घरोघरी टीव्ही लावायला घेतले आणि बाहेर गलका झाला. “गेलं! गेलं!” दारं उघडली, माणसं बाहेर आली. कुणीतरी भीमराजला फोन लावला. तो जवळच होता, लगेच आला. मी खिडकीशी बसले होते. त्यानं मोटरसायकल उभी केली, आमच्या निळ्या उजेडाकडे पाहिलं, स्वतःशीच मान हलवली आणि तरातरा आत गल्लीत गेला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

“आजच बरी गेली रे लाइन?” अर्जुनरावांचा आवाज चढला होता. “म्हैनाभर वायफायवाले गल्लीत घिरट्या घालतायत. तू विकलास ना आमाला?”

“दादा, आईशप्पथ न्हाई. पुढं कुठंतरी वायर तुटलीय, बघतो.”

“माझी पोरगी आता उभी राहील तिकडं. बघतो काय म्हणतोस!”

भीमराजनं शिडी लावली आणि पत्र्यांवर चढला. आमच्या गल्लीतले सिमेंटचे पत्रे जुने आहेत. खाली जिथं आधाराची पट्टी आहे तिथं वर बोल्टची ओळ दिसते, त्या ओळीवरच पाय टाकायचा. इकडे तिकडे पडला की माणूस खालच्या घरात. दिवेलागणीची वेळ होती, बोल्ट दिसेनासे होत चालले होते. आणि भीमराज आता काही पोरगेला राहिला नव्हता, पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस.

केसरबाई काय झालं ते बघायला दाराशी गेल्या आणि सवयीनं त्यांची मान वर झाली. हिरवा दिवा नव्हता.

“संघर्ष, पेटीचा प्लग कुठाय?”

“ती केबलची पेटी? काढला मघाशी. राउटरला पॉइंट नव्हता. आपण केबल बंदच केली ना आता?”

आपल्या घरातून गल्लीचं चित्र पुढं जातं, हे त्या घरात वाढलेल्या पोराला माहीत नव्हतं असं नाही. नव्या टीव्हीच्या नादात डोक्यातून गेलं. हुशार माणसांचं होतं असं.

केसरबाईंनी स्टूल ओढलं. “आई, राउटर असा ओढू नकोस,” असं तो म्हणेपर्यंत त्यांनी तो ओढला होता. भिंतीवरचं पंजाबी लग्न अर्ध्या फेऱ्यात थांबलं. पेटीचा प्लग आत गेला. दिवा आधी लाल झाला, मग थरथरत हिरवा.

बाहेर एकच आरोळी उठली, “आलं!” आणि पाठोपाठ अर्जुनराव, “बघा! दम दिल्याबरोबर आलं का न्हाई? वरनं चालू-बंद करतोय हा!”

“दादा, मी अजून कशाला हातसुद्धा लावला न्हाई,” वरून भीमराज.

“तेच म्हणतोय मी! हात लावला न्हाईस, मग आलं कसं?”

लोकांना तेवढं पुरलं. शालनबाई म्हणाल्या, “एवढी वर्षं दारात उभा केला, आन आज ह्ये पांग फेडलंस?” कुणीतरी हसलं. मग पत्र्याला काहीतरी घासल्याचा आवाज आला. अर्जुनरावांनी शिडी काढून घेतली होती.

“खरं बोल. मग उतर.”

“दादा, चेष्टा नको. मला बोल्ट दिसंनात.”

“मग बस तिथंच.”

आत संघर्षनं दार लोटून घेतलं. “आई, आलं ना आता? होतील शांत. तू बाहेर गेलीस की सगळे आपल्यावर येतील. मला रोज ह्याच गल्लीतून जायचंय.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गप्प बसलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. लाइन आली होती, पेटी पुन्हा गुणगुणत होती. भीमराजचं नाव गेलं असतं, एवढंच. एकदा लाइन विकणारा म्हणून नाव झालं की अशा गल्लीत त्याला पुन्हा दार उघडत नाही कुणी. केसरबाई कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या पेटीकडे.

भिंतीपलीकडच्या टीव्हीतून निवेदकाचा आवाज आला, मग टाळ्या, मग मिनल. स्वच्छ, उंच आवाज. गल्लीतून आक्काबाईंची हाक ऐकू आली, “अर्जुना, आत ये रं. पोरगी उभी राहिली.” अर्जुनराव हलले नाहीत. हातात शिडी होती ना.

केसरबाईंनी कडी काढली.

“शिडी लाव, अर्जुना,” गल्लीच्या मधोमध जाऊन त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कँटीनचा आहे, भांड्यांच्या आवाजावरून जाणारा. “लाइन त्यानं न्हाई घालवली. माझ्या घरातनं गेली. पेटीचा प्लग आमी काढला.”

“तुमी?” शालनबाई म्हणाल्या. “केसरबाई, तुमी?”

“व्हय. नव्या टीव्हीसाठी. आन आता मीच लावला.”

“म्हंजे तुमच्या घरात झगमगाट आन आमी अंधारात! बरंय की!”

“बरं न्हाई. पर आधी शिडी लावा. मग काय बोलायचं ते मला बोला.”

वरून भीमराज म्हणाला, “पण मावशी, तुमचा टीव्ही तर चालू दिसला मला.” तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. तो खरंच गोंधळला होता. आणि केसरबाईंच्या तोंडाकडे बघायला म्हणून तो वळला आणि त्याचा पाय बोल्टच्या ओळीवरून सुटला.

पत्रा फुटल्याचा आवाज फटाक्यासारखा आला. भीमराज मांडीपर्यंत आत गेला आणि दोन्ही हात पसरून लोंबकळला. खालच्या खोलीत बायकांची किंकाळी. सगळ्यात आधी शिडी चढले ते अर्जुनराव. “हलू नको. हलू नको, भावा. माझा खांदा धर.” मघाचा तोच माणूस, तोच तोंडाचा पट्टा, फक्त शब्द वेगळे.

त्यांनी त्याला बोल्टच्या ओळीनं काठापर्यंत आणला, मग खाली. पोटरीला लांब चीर पडली होती, चप्पल आतच राहिली. रुमाल बांधता बांधता मिनल शेवटच्या कडव्याला आली. प्रत्येक खिडकीतून एकदम तोच आवाज. भीमराजचा हात अर्जुनरावांच्या मानेवर, आणि अर्जुनरावांनी मुलीचं गाणं जेवढं ऐकलं तेवढं तसंच, रस्त्यात उभं राहून. मिनलला बक्षीस मिळालं नाही, हेही सांगून टाकते.

संघर्ष तोवर बाहेर आला होता. “प्लग मी काढला. आईला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला.

“तुला इंजिनेर कुणी केला रे?” अर्जुनरावांनी विचारलं.

“इंजिनेर हाय,” केसरबाई म्हणाल्या, “पर घरात पॉइंट एकच हाय.” हसलं नाही कुणी. त्यासुद्धा नाही हसल्या. आत जाऊन हळदीचा डबा घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याकडचा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊन दिला. एवढी साधी गोष्ट आदल्या दिवशी एकाही शिकलेल्या माणसाच्या डोक्यात येऊ नये, याचा मला संताप आला होता. संघर्ष त्यावर पेटी लावायला निघाला. केसरबाईंनी हात धरला. “पेटी भिंतीच्या पॉइंटावर. बोर्डावर तुझं ते. बोर्ड कुणीपण उपटतं.” मग त्यांनी जुन्या लुगड्याच्या काठानं प्लग सॉकेटशेजारच्या खिट्टीला बांधून टाकला. तो अजून तसाच आहे.

गल्लीनं काही दिवस अबोला धरला. शालनबाईंनी किल्ली परत आणून दिली, आठवडाभरानं स्वतःच मागून नेली. अर्जुनरावांनी पुढच्याच महिन्यात वायफाय घेतलं. त्यांच्यामागं आणखी काहींनी घेतलं. भीमराजचा धंदा चालला आहे खाली, त्याला पेटी काय करणार?

पण लाइन अजून आहे, आणि काही घरंही आहेत तिच्यावर. आक्काबाईंच्या खाटेसमोरचा टीव्ही अजून तिच्यावरच आहे. बिघाड झाला की भीमराज, थोडा लंगडत, गल्लीच्या तोंडाशी येतो. आता तो खिडकीतल्या उजेडाकडे बघत नाही. नव्या टीव्हीचा उजेड लाइन नसतानाही पडतो. तो बाहेरूनच हाक मारतो, “मावशी, दिवा?”

केसरबाई आत नव्या टीव्हीसमोर बसलेल्या असतात. त्या उठून दाराशी येतात, मान वर करून नीट बघतात, आणि मगच ओरडतात, “हिरवा!”

तेवढ्यावर तो पुढं जातो.