मुंगूसरावांचा डावा हात

लहानपणी तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या डाव्या बाहीचं तोंड आईने शिवून टाकलेलं असायचं. आई लोकांचे कपडे शिवायची. टाका बारीक, पण असा पक्का की दातांनीही उसवत नसे. "तो हात नाहीच असं समज," आई म्हणायची, "म्हणजे उजवा आपोआप शहाणा होईल." तिच्या बोलण्यात राग नसायचा. ताप आलेल्या पोराला कडू औषध पाजावं, तसं ते होतं.

उजवा काही शहाणा झाला नाही. डाव्याला मात्र अंधारात राहायची सवय लागली. बंद बाहीत बोटं हलायची आणि बाहेरून बघावं तर कापडाला नाक फुटलेलं, कान फुटलेले. कुठलंसं जनावर खांद्याला लटकून झोपेत कूस बदलतंय. ती त्याच्याशी बोलायची. जेवताना त्याच्याकडे बघत उजव्या हाताने सांडायची.

आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. वाचनालयाच्या मागे एक सभागृह आहे, त्याच्याही मागे एक अरुंद खोली. तिथे शिवणयंत्रावर ती बाहुल्यांचे अंगरखे शिवते. सुई डाव्या हातात, कात्री उजव्या हातात. कारण बाजारात कात्री उजव्यांचीच मिळते. तिला सगळे 'डावरी' म्हणतात. बाहुल्यांचा खेळ करणारे मामा तिचे सख्खे कोणी नव्हेत, ते सगळ्या गावाचेच मामा. त्यांच्या बाहुल्या मोज्यासारख्या हातात घालायच्या. पहिलं बोट मानेत, अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत.

बावीस वर्षं एकच खेळ. काळ्या बोक्याने गावाची झोप चोरून रांजणात कोंडलेली असते. माणसं, गाढवं, घड्याळं, सगळी टक्क जागी. मग निळा अंगरखा घातलेले मुंगूसराव येतात, डाव्या हाताने तलवार उपसतात, बोक्याला लोळवतात आणि रांजण फोडतात. शेवटी ते तलवारीचा डावा हात वर करतात आणि पोरांनीही डावा हात वर करायचा. समोरून बघताना लहानग्यांचा हमखास घोळ होतो, उजवाच वर जातो. मग सगळी इकडेतिकडे बघत डावखुरं पोर शोधतात, कारण त्या घटकेला खरं काय ते त्यालाच ठाऊक असतं.

पंचविशीत असताना तिने हा खेळ प्रथम पाहिला, डावा हात वर केला आणि तो खाली घ्यायलाच विसरली. दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत काम मागायला गेली. कुणीतरी तिच्यासाठी, तिला न विचारता, एक शूर डावरा जन्माला घातला होता.

तीन आठवड्यांपूर्वी ऐन लढाईत मामांचा अंगठा अडकला. वाकला तो सरळ होईना. तलवार खाली पहिल्या रांगेत पडली आणि एका मुलीने ती सभ्यपणे परत आणून दिली. त्यानंतरचे दोन रविवार सभागृह बंद राहिलं. व्यवस्थापक म्हणाले, येत्या रविवारीही खेळ झाला नाही, तर ती वेळ टेबल टेनिसवाल्यांना जाईल.

बुधवारी ती कामावर आली, तर मामा पेटी पुसत होते. टेबलावर डांबरगोळ्यांची पुडी.

"कुणाला घालताय पेटीत?"

"मुंगूसरावांना. दमले ते."

"ते दमले की तुम्ही?"

"एकूण एकच."

"मी घालते हातात," ती म्हणाली.

मामांनी आजवर त्या अंगरख्यात दुसऱ्याचं बोट जाऊ दिलं नव्हतं. ती मापंसुद्धा लाकडी खुंटावर घ्यायची. ते बराच वेळ पुडीची गाठ सोडत-बांधत राहिले. मग बाहुली तिच्याकडे सरकवली.

तिने मुंगूसरावांना अर्थातच डाव्या हातात घातलं. अंगठा आपसूक बाहीत शिरला, तलवार उठली, हवेत एक सुरेख वळण घेऊन थांबली. आपला हात इतका हलका असू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"हा कोण?" मामा म्हणाले.

तिने पाहिलं. तलवार मुंगूसरावांच्या उजव्या हातात होती.

"अगं, डाव्या पंजाचा अंगठा बाहुलीच्या उजव्या बाहीत जातो. त्यांना डावखुरं ठेवायचं तर तुला उजव्यात घालावे लागतील. मी कशात घालायचो?"

"उजव्यात," ती म्हणाली. "म्हणून ते डावरे?"

"मग? अंगठा सगळ्या बोटांत दांडगा. तलवार अंगठ्यालाच पेलते. उजव्या हातात घातलं की झालं डावखुरं. त्यात माझं काय कर्तृत्व?"

म्हणजे कुणी तिला पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं ती ज्याला आपल्या रक्ताचा समजली, तो एका उजव्या माणसाच्या सोयीतून निघाला होता. ती यंत्रापाशी बसली आणि सरळ शिवण दोनदा उसवली. खिडकीतून ऊन आत आलं, बाहुल्यांच्या रांगेवरून सरकत गेलं, आणि मुंगूसरावांच्या काचेच्या डोळ्यात क्षणभर एक छोटी खिडकी उघडली. तिथे शिवलेल्या बाहीची एक मुलगी उभी होती. तिला तलवार कुठून आली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती आपली हात वर करून थांबली होती.

डावरीने उठून मुंगूसराव उजव्या हातात चढवले.

खरी पंचाईत पुढेच होती. उजव्यात मुंगूसराव म्हणजे डाव्यात बोका आला. आणि बोका झकास लढायला लागला. वाकला, निसटला, मागून आला. मुंगूसरावांना येत होतं ते एकच, कापड कापल्यासारखं सरळ पुढे जाणं. गुरुवारी बोका अकरा वेळा जिंकला. घरीही ती जेवताना हातात मोजे घालून बसली.

"भाजीत तलवार घालू नकोस," नवरा म्हणाला. "आणि खरं सांग, ही तयारी माझ्यासाठी नाही ना?"

"तुमच्यासाठी एक हात पुरतो."

शुक्रवारी तिने दोन्ही बाहुल्या टेबलावर ठेवल्या. "माझ्याच्याने नाही व्हायचं, मामा. गावाला झोप लागायची नाही."

मामा हसले. "माझा डावा मुळातच अडाणी. त्याला हरवायला काय लागायचं? तो पडायचा, पोरं हसायची. पण तुझा शहाणा आहे. शहाण्याला हरायला सांग."

"तो ऐकेल?"

"अडाणी नुसता पडतो. समोरच्याला जिंकवावं कसं, ते शहाण्यालाच येतं."

तिने मुंगूसरावांना शिकवायचं सोडून दिलं. ती बोक्याला शिकवू लागली. बोका वार करायचा आणि वार पोचायच्या आत, केसभर आधी, खांदा उघडा टाकायचा. सरळ येणारी तलवार नेमकी तिथे यायची. मग बोका अचंब्याने स्वतःकडे बघत, गोल फिरत, पान गळावं तसा खाली जायचा. शनिवारी संध्याकाळी तिला जाणवलं, हा तोच हात आहे. अंधारात राहून त्याने एवढ्या वर्षांत दुसरं काय केलं होतं? उजव्याला पुढे जाऊ दिलं होतं.

रविवारी अकरा वाजता दिवे मंद झाले. पडद्याला डोळ्यांच्या उंचीवर जाळीची पट्टी आहे, तिच्यातून प्रेक्षक धुक्यातल्यासारखे दिसतात. तिसऱ्या रांगेत, पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून मामा बसले होते. बावीस वर्षं त्यांनी मुंगूसरावांची पाठच पाहिली होती.

लढाई लांबली. बोका इतका सुंदर हरला की एक मुलगा रडायला लागला आणि त्याच्या आईला कळेना, कुणाच्या बाजूने. रांजण फुटला. गावाची झोप निळ्या चिंध्यांची होऊन पडद्यावरून सांडली, आणि डावरीला वाटलं, आपल्याच पापण्यांवर ती पडते आहे, आपण जिथे उभ्या आहोत ते सभागृह नाही, एका फ्रॉकची आतली बाजू आहे, ऊबदार, आणि तिचं तोंड उघडं आहे.

तिने उजवा हात उंचावला. मुंगूसरावांचा डावा वर गेला.

पोरांचे हात उठले, काही बरोबर, काही चुकीचे. मामांनीही हात वर केला. उजवा, अडकलेल्या अंगठ्यासकट.

त्यांच्या शेजारी तीच मुलगी होती, तलवार परत आणून देणारी. तिने मामांची बाही ओढली.

"आजोबा, हा नाही," ती म्हणाली. "दुसरा."

मामा मुंगूसरावांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश हात बदलला.