न झालेली सभा

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झालो, आता जुनं कशाला उकरायचं म्हणून. खरं कारण एकच होतं, भीती. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी अमेरिकेतून प्रज्ञाचा फोन आला. "काका, बाबा गेले..." मग म्हणाली, "मला येता येणार नाही. व्हिसाचं काम अडकलंय. इथून बाहेर पडले तर परत आत घेतील की नाही, कुणीच सांगत नाही." फोन ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही बाबांवर चार ओळी लिहा ना. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" त्या पोरीला ठाऊक नाही, आपण हे कुणाला सांगतोय.

यशवंत आणि मी शिरूर कासारच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे तो आपल्या गावचा पोस्टमास्तर झाला आणि मी ग्रामसेवक. फिरत फिरत माझी बदली त्याच्याच गावी झाली आणि मी तिथलाच होऊन गेलो. त्याचं पोस्ट म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक तराजू, शिक्के, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जाई, तेव्हा निघण्याआधी नवरा-बायकोची प्रत्येक जोडी त्याच्या दारात थांबून सांगून जायची, आम्ही अमुक कारखान्यावर आहोत. तो ते एका वहीत लिहून घ्यायचा, म्हणजे आलेलं टपाल पुढं धाडता येईल. कोण गावात आहे आणि कोण नाही, हे माझ्या दप्तरापेक्षा त्याच्या वहीत जास्त खरं असायचं.

बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या जिल्हा परिषद सदस्याला त्याच्या शिक्षणसंस्थेसाठी गावचं गायरान हवं होतं. त्या गायरानावर धनगरांची मेंढरं चरत, आणि कडेच्या पट्ट्यात चार-पाच बौद्ध घरं ज्वारी पेरत. जमीन द्यायला गावाची हरकत नाही, असा ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. सरपंच त्याच्याच मुठीत होता. सदस्याने मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "सव्वीस जानेवारीची सभा दाखवा. माणसं तोडीवर आहेत, कुणी बोलणार नाही." मी सभेचे ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक काखेत मारून सह्या गोळा करत निघालो. पहिला यशवंतकडे गेलो, कारण त्याची सही दिसली की बाकीचे डोळे झाकून करतात, हे मला माहीत होतं.

तो पत्रांवर शिक्के मारत होता. मी म्हणालो, "यशवंता, एक सही टाक. कोरम भरंना झालाय."

"सभा कवा हाय?"

"सव्वीसला. झेंडा झाला की."

त्याने पान बघितलं. "हे तर कोरं हाय बे."

"नंतर लिहितो की. मी काय परका हाय?"

"तू हायस म्हनून करतो," तो म्हणाला, आणि आपली ती रेखीव, सावकाश सही त्याने केली.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, माणसं घरी गेली. सभा झाली नाही. त्याच संध्याकाळी सदस्याच्या बैठकीत बसून मी ठराव लिहिला. तो सांगत होता, मी लिहीत होतो. शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. राहिलेल्या सह्या आणि अंगठे तिथे बसलेल्या दोघांनी उठवले. मतदार यादीतली नावं मी वाचून दाखवली. हे सगळं आज मी माझ्या नावाने लिहितो आहे, शुद्धीवर लिहितो आहे.

गायरानाला तारेचं कुंपण पडलं तेव्हा यशवंतला कळलं. त्याने ठरावाची नक्कल मागितली आणि आपल्या वहीशी ताडून बघितली. कारखान्यावर कोयता चालवणाऱ्या माणसांच्या सह्या गावातल्या सभेत होत्या. त्याने तक्रार केली. चौकशीला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले. पंचायतीच्या खोलीत सदस्याची माणसं भिंतीला टेकून उभी होती. अधिकाऱ्यांनी यशवंतची वही बाजूला सारली, "ही तुमची खाजगी वही." मग प्रोसिडिंग पुढे करून विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही सभेला हजर होता."

"सही माझी हाय. सभा झाली न्हाई."

"सभा झाली नाही तर सही कशी आली?"

यशवंतने माझ्याकडे बघितलं. एकच वाक्य त्याला बोलायचं होतं, की ग्रामसेवकाने कोऱ्या पानावर घेतली. माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. तो बोलला नाही. मी बोलेन म्हणून थांबला होता... अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "ग्रामसेवक, सभा झाली का?" मी दप्तराकडे बघत म्हणालो, "झाली साहेब."

त्या दिवसापासून गावाने त्याला खोटारडा ठरवला. सदस्य भर सभेत हसत हसत म्हणाला, "काही लोकांना आधी सही करायची आणि मग बोंबलायची सवय असते." तोडीवरून परतलेली माणसंच, ज्यांच्यासाठी तो भांडला तीच, त्याला पारावर विचारायची, "काय मास्तर, आज कुठं सही केली?" प्रज्ञा तेव्हा बीडला कॉलेजात होती. तिलाही ऐकावं लागलं. यशवंत वर्षभर माझ्या घराची पायरी चढला नाही. मग एकदा माझं रजिस्टर टपाल आलं, ते घेऊन तो स्वतः आला. कागद पुढे करून म्हणाला, "वाचून सही कर." त्याने मला मारलेला टोमणा आयुष्यात तेवढा एकच. चहा घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा येऊ लागला. त्याने मला माफ केलं की नुसतं बाजूला ठेवलं, मला कधीच कळलं नाही.

पुढे प्रज्ञा नोकरीसाठी अमेरिकेत गेली आणि निवृत्तीनंतर तो तिच्याकडे सहा महिने राहून आला. परत आला तो एकच गोष्ट घेऊन. तिथल्या लोकांनी आपल्या खासदाराला भेटायला बोलावलं होतं. लोक जाब विचारतात म्हणून तो कित्येक महिने फिरकलाच नव्हता. त्या दिवशीही आला नाही. तर लोकांनी एका शाळेच्या हॉलमध्ये स्टेजवर रिकामी खुर्ची मांडली, तिच्यावर त्याचं नाव लावलं, आणि एकेकाने उठून त्या खुर्चीला प्रश्न विचारले. एक म्हातारी बाई आपल्या औषधांबद्दल खुर्चीशी तावातावाने भांडली म्हणे.

"खुर्चीला इचारतात बे!" यशवंत मांडीवर थाप मारून सांगत होता.

मी विचारलं, "मग खुर्ची काय म्हणाली?"

"काय म्हननार? पन आपल्या मेंबरपेक्षा बरी. खोटं तर बोलली न्हाई."

पुढच्या ग्रामसभेला त्याने घरची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली आणि पंचायतीसमोर आणून ठेवली. पुठ्ठ्यावर सदस्याचं नाव. लोक हसले. कुणी म्हणालं, "मास्तरचं डोकं फिरलं अमेरिकेत." मग एक धनगर बाई पुढे आली आणि पदर खोचून खुर्चीला म्हणाली, "सायब, आमची मेंढरं आता तुमच्या हापिसात बांधू का?" हसणं थांबलं. एकेक जण उठू लागला. शेवटी यशवंत उभा राहिला. "त्या सव्वीस जानेवारीची सभा कुठं झालती? कुनी बगितलीती?" खुर्चीला उत्तर देता येत नव्हतं. मला येत होतं. मी गर्दीच्या मागे चपला शोधत होतो.

सदस्याच्या माणसांनी ती खुर्ची उचलून नेली. पुढच्या सभेला यशवंतने दुसरी आणली. तीही नेली. तेव्हा त्याने घरातला पाट आणून ठेवला. "बसायचंच न्हाई त्याला, मग खुर्ची काय अन् पाट काय!"

दुपारी तो माझ्या ओसरीवर मोबाइल घेऊन बसायचा आणि मला अमेरिकेचं राजकारण ऐकवायचा. निवडून आलेली माणसं खाजगीत एक बोलतात आणि एका माणसाच्या धाकाने चारचौघांत दुसरंच, याचा त्याला लई राग. "एवढी मतं घेतली, कावून भेत्यात रे?" असं तो मला विचारायचा, जणू मीच त्यांचा पुढारी. आपलं ते चांगलं आणि त्यांचं वाईट, किंवा उलटं, असं त्याचं कधी नव्हतं. एकदा प्रज्ञाने त्याला बजावलं, की बाबा, इथल्या सरकारबद्दल मला काही पाठवत जाऊ नका, माझ्या व्हिसाचं बघा. तो मोठ्याने हसला. "म्हंजी तिथंबी आपलंच गाव झालं की!" हसला, पण त्या दिवशी चहा तसाच ठेवून गेला.

आणि एक दिवस त्याने ती गोष्ट सांगितली. तिथल्या कुठल्याशा गावात मतमोजणीचं काम बघणारी एक साधी कारकून बाई. निकाल फिरव म्हणून वरून दबाव, घरी धमक्या. तिने मोजलं तेवढंच लिहिलं आणि त्याखालीच सही केली. ऐकता ऐकता माझा तोल गेला. मी ओरडलो, "मलाच म्हणायचंय ना तुला? सरळ म्हण!"

तो शांतपणे म्हणाला, "न्हाई बे. तुला म्हनायचं असतं तर तुलाच म्हनलो असतो. मी अमेरिकेचं सांगतोय."

त्याच्या शोकसभेला सदस्य आला. आता त्याचं वजन वाढलंय, मागेपुढे गाड्या असतात. "मास्तरांशी माझे मतभेद होते, मनभेद नव्हते," असं म्हणून त्याने तसबिरीला हार घातला. मी उठलो आणि म्हणालो, "मतभेद नव्हता. यशवंत खरं बोलत होता. ती सभा झालीच नाही, ठराव मी लिहिला." सदस्य घड्याळ बघत निघून गेला. दुसऱ्या दिवशी दोघं जण घरी आले. "काका, वय झालंय तुमचं. कशाला नसतं काढता? तुम्हीच अडकाल."

"अडकायलाच बसलोय," मी म्हणालो. "चहा घेणार का?"

पंचायत समितीत मी लेखी जबाब दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. गुन्हा माझ्यावर आधी दाखल होणार असेल तर व्हावा. कोर्टात विचारतील तेव्हा मी दप्तराकडे बघणार नाही. आणि गावात यापुढे यशवंतला कुणी खोटारडा म्हणालं तर त्याने आधी माझ्या दारात यावं.

पण हे सगळं तो गेल्यावर. तो होता तेव्हा काय केलं, ते सांगायचं राहिलंय. शेवटच्या आठवड्यात तो बीडला दवाखान्यात होता. मी एसटीने निघालो. वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होतो. खाटेजवळ बसलो तर त्याने नाकावरची नळी सरकवत विचारलं, "दत्ता, तिकडं काय चाललंय?" मी त्याला सांगत बसलो. कोण फुटला, कोणी माघार घेतली, कुठे लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. तो डोळे मिटून ऐकत होता, मधूनच 'हं' म्हणत होता. तासभर मी अमेरिकेबद्दल बोललो. नर्सने वेळ संपली म्हणून उठवलं. दारातून वळून बघितलं, तर तो माझ्याचकडे बघत होता, त्या दिवशी पंचायतीच्या खोलीत बघितलं होतं तसा, मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखा. मी म्हणालो, "येतो परवा."

प्रज्ञा, तुझ्या चार ओळी मला जमल्या नाहीत. आणि यशवंता, एसटीत घोळवलेलं ते वाक्य असं होतं : तू माझ्यावर विश्वास ठेवून सही केलीस, आणि मी तुला सगळ्या गावासमोर खोटं पाडलं. मला माफ कर.