आधी पायरी कोण चढणार

आमची तारापूरकडची वाडी आणि शेजाऱ्यांची वाडी, दोन्हींत विहीर एकच. आज रहाटाला त्यांचे बैल, उद्या आमचे, असं आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. साठ सालानंतर कधीतरी शेजाऱ्यांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. त्यांच्या पाळीला पाणी तळाला जायचं आणि आमच्या पानवेली सुकायच्या. झालं! बोलणं बंद, ओटीवर येणं-जाणं बंद.

आणि नेमकं त्याच घरातल्या मुलाशी माझ्या ताईचं जमलेलं. जात एक, मुलगा कष्टाळू. अडचण एवढीच, की आधी कोणी कोणाची पायरी चढायची. बाबा म्हणत, “इंजिन उचला, मग मी बोलणी करायला येतो.” ते म्हणत, “मुलीचा बाप हाय, त्याने आधी यावं. इंजिनाचं मागून बघू.” मध्यस्थीला काका, मामा आणि गावातली पोक्त मंडळी. सगळे ताईच्या डोक्यावरून हात फिरवून सांगायचे, “पळून-बिळून जाऊ नकोस हां पोरी. आमी समजावतो त्यांना. जरा दम धर.”

ताईने दम धरला. त्या मुलानेही धरला. पावसाळा तोंडावर आला, बेगमीची गडबड, म्हणून आता नको. मग भातकापणी. मग कोणाचं तरी सुतक. समजावणारे दोन्ही घरी चहा ढोसायचे, इंजिनावर तावातावाने बोलायचे आणि उठून यायचे. अरे, पण मुलीचं काय? तो विषय काढायला एकाचीही जीभ रेटत नव्हती! अजून आठवलं की माझं डोकं तडकतं. शेवटी बाबांनी परस्पर वाणगावचा बिजवर ठरवला. तो मुलगा मनोरला मामाकडे निघून गेला, तो पुन्हा वाडीत आलाच नाही.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेच्या संमेलनात नाटक बसलं. परदेशातल्या एका जुन्या शोकांतिकेवरून गुरुजींनीच बेतलेलं. दोन घरांचं वैर, त्यांच्या पोरांनी चोरून केलेलं लग्न, आणि शेवटी दोघांचाही जीव जातो. मुलीच्या तापट बापाचं काम माझ्याकडे आलं. मी मिशा चिकटवल्या, बाबांचाच काळा कोट चढवला आणि बाबा घरी ओरडत तश्शी ओरडले. वाटलं, आता तरी यांना काही उमगेल. उमगतंय डोंबल! पहिल्या रांगेत बसून बाबा कौतुकाने मान डोलवत होते. शेजारी ताई बसली होती. माझं काम बघायला ती वाणगावहून मुद्दाम आली होती.

नाटक संपलं. आम्ही तिघं शाळेबाहेर चिंचेखाली उभे राहिलो. बाबांचे डोळे खरंच ओले होते. उपरण्याने ते पुसत म्हणाले, “पोरांनीच घाई केली गं. थोडा दम धरला असता तर मोठ्या माणसांनी काढला असता काहीतरी मार्ग.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं. ओठावरची मिशी मी रागाने ओरबाडून काढली. पण माझ्या आधी ताईच बोलली, अगदी हळू.

“आमी धरलेला ना, बाबा.”

बाबांनी माझ्या अंगावरचा कोट मागून घेतला, दोनदा झटकला, खांद्यावर टाकला आणि तिला विचारलं, “वाणगावची गाडी किती वाजता हाय तुझी?”