नवसीने मागून घेतलेले आठ दिवस

बदलापुरात, कात्रपला आमच्या इमारतीत नवसी पहिल्यांदा आली ती २३ डिसेंबरला, सोमवारी, सकाळी पावणेनऊला. समोरच्या फ्लॅटमधली प्रतिभा तीन दिवसांपूर्वी मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी आली होती. तिच्या सासूबाईंनी, बनूबाईंनी, आई-बाळाच्या मालिशीसाठी बारवी धरणाकडच्या वाडीतून ही बाई शोधून काढली होती. नवसीने दाराशी चपला काढल्या, आधी हात धुवायला पाणी मागितलं आणि मगच बाळाकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेली, अंगाने बारीक. हात मात्र अंगाच्या मानाने मोठे.

ती ठाकूरवाडीतली. लहानपणी भातलावणी केली, रानातून मोळ्या आणल्या, लग्नानंतर वीटभट्टीवर गेली. मालीश ती आपल्या आजीकडून शिकली. सकाळी टमटमने बदलापूर गावात उतरायची, तिथली दोन घरं आटोपून कात्रपला यायची. पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर उताणं घ्यायची आणि पाणी कोपराने तपासायची. बाळ अंगावर असेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. बनूबाईंना ते आवडत नसे. त्या जुन्नरकडच्या शेतकरी घरातल्या, गप्पांचं माणूस.

"नवसे, तुझं तोंड काय भाड्यानं दिलंय का?"

नवसी हसायची, पण उत्तर बाळ दुपट्यात गुंडाळल्यावरच द्यायची.

तिचे वडील गोमा अख्ख्या पंचक्रोशीत माहीत होते. ते लहान मुलांना डाग द्यायचे. हळकुंड विस्तवावर लाल करून मुलाच्या पोटावर, बेंबीच्या चहूबाजूंनी टेकवायचं. मुलाचं पोट दुखत असलं, फुगलं असलं, मूल फार रडत असलं तर. वाडीतलेच नव्हे, उल्हासनगर-अंबरनाथहून चांगले शिकलेले लोकही रिक्षा करून त्यांच्याकडे येत. बनूबाईंनी नवसीलाच का शोधलं, हे मला पुढे कळलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चिमीचं रडणं सुरू झालं. मुलीचं नाव ठेवलं होतं शलाका, पण सगळे तिला चिमी म्हणत. रडणं शी करताना. आधी चेहरा लाल व्हायचा, मुठी आवळायच्या, पाय पोटाशी यायचे, आणि मग असं किंचाळणं की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यावं. दहा मिनिटं, कधी वीस. मग फेसलेल्या मोहरीसारखी मऊ, पिवळी शी व्हायची आणि पोरगी काही झालंच नाही अशी पंख्याकडे बघत पडायची. प्रतिभाच्या सांगण्यावरून मी वेळा लिहून ठेवू लागले. २९ जानेवारी, सव्वादहा ते दहा बत्तीस. शी मऊ. दूध नेहमीसारखं.

बनूबाईंनी तिसऱ्या दिवशी विड्याचं पान आणलं. पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी लावला आणि दोन मिनिटांत शी झाली. रडणं तिथेच थांबलं. सुजित, प्रतिभाचा नवरा, अंबरनाथच्या कारखान्यातून पाळी संपवून आला तेव्हा आईचं कौतुक करत होता. "आपल्या आईपुढे डॉक्टर झक मारतात."

मग देठ रोजचा झाला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत देठाशिवाय शी होईना. चिमी आधीसारखी कुंथायची, रडायची, आणि देठ लागेपर्यंत रडतच राहायची. प्रतिभा तिला घेऊन अंबरनाथ पश्चिमेला बालरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी पोट तपासलं, वजन केलं, माझ्या नोंदी वाचल्या आणि सांगितलं, बाळ चांगलं आहे, देठ बंद करा, बाकी काही करू नका, काही आठवड्यांत आपोआप थांबेल.

"काही करू नका," बनूबाई म्हणाल्या. "इतकी पुस्तकं वाचून हेच शिकला होय?"

१९ फेब्रुवारीला, बुधवारी, मी वाटीभर साय द्यायला समोर गेले होते. बनूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. नवसी बाळाचं अंग पुसत होती.

"सत्तावीसला अमावस्या आहे," बनूबाई म्हणाल्या. "नवसे, त्या दिवशी पोरीला डाग द्यायचा. तुझा बाप गेला, पण त्यानं तुला शिकवलंय. मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला बोलावलं."

प्रतिभा पलंगावरून उठली. "आई, प्लीज. डॉक्टर बोलले ना नॉर्मल आहे."

"सुजितला दिला होता. पाच डाग आहेत त्याच्या पोटावर. मेला का तो? आडदांड झालाय. तू नको म्हणालीस तर मी गावाला घेऊन जाईन. तिथं माणसं आहेत."

मी नवसीकडे पाहिलं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने दुपट्याचं टोक खोचलं आणि म्हणाली, "देईन. पण माझ्या रीतीनं. आजपासून आठ दिवस देठ नाय, गुटी नाय, हिंग नाय. निस्तं आईचं दूध. पोट साफ असल्याबिगर डाग धरत नाय."

बनूबाईंना हे पटलं. डागाच्या आधी काही पथ्य असणारच, असं त्यांना वाटलं असावं.

जाताना नवसी माझ्याकडे पाणी प्यायला आली. मी तिला सरळ विचारलं, तू खरंच त्या पोरीला भाजणार आहेस का. मी पोलिसांना कळवीन, असंही म्हणाले.

"कळवा," ती म्हणाली. "पोलीस आज येतील, उद्या जातील. परवा ही बाय पोरीला गावाला नेईल. मी हो म्हनलं म्हणून पोरगी आठ दिवस हितं राहील. नाय म्हनले असते तर?"

मग तिने कुणी न विचारता सांगितलं. तिचा पहिला मुलगा रूपेश, तीन महिन्यांचा. पोट दगडासारखं झालं, हिरवं ओकू लागला, दोन दिवस शी नाही. गोमाची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यांनी तिचा हात धरला आणि डाग नवसीने दिले, स्वतःच्या मुलाला. चार. संध्याकाळी मुलाचं रडणं थांबलं.

"आम्ही खूश झालो, बाई. गुण आला म्हनलं. पोर गप पडून होतं." तिने रिकामा पेला ओट्यावर ठेवला. "तिसऱ्या दिवशी उल्हासनगरला नेला. आतडं अडकलं होतं म्हणे. डॉक्टर म्हनला, रडत होता तेव्हाच का नाय आणला."

"आणि चिमीचं?"

"चिमीचं पोट मऊ हाय. शी मऊ हाय. दूध पिते. ती वरून जोर लावते आन् खालून दार धरून ठेवते. तिला दोन्ही संगं जमत नाय अजून. देठ लावला की दार तुम्ही उघडता. मग ती कशाला शिकंल?"

"मग सत्तावीसला काय करशील?"

"ठाऊक नाय," ती म्हणाली.

पुढचे दिवस मला नीट झोप आली नाही. नवसी रोज यायची. चिमीने चेहरा लाल केला की तिला नडग्यांवर घ्यायची, गुडघे अलगद पोटाशी धरायची, सोडायची, पाठीवर ऊबदार हात ठेवायची आणि थांबायची. प्रतिभालाही तिने ते शिकवलं. पोरगी रडायची. सतरा मिनिटं, एकवीस मिनिटं, एकदा सव्वीस. बनूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बघा, कशी तडफडतेय. आणि ह्या दोघी बसल्यात देव बसवल्यासारख्या." मंगळवारी सकाळी शी झाली. बुधवारी झालीच नाही.

त्या बुधवारी महाशिवरात्र होती. बनूबाई अंबरनाथला शिवमंदिराच्या जत्रेला गेल्या आणि दुपारी प्रसादाबरोबर एक जाड हळकुंड घेऊन आल्या. ते त्यांनी देवाजवळ ठेवलं. सुजित घरी होता. मी त्याला बाहेर जिन्यात गाठलं.

"आजी, मला काय आठवत नाय त्यातलं," तो म्हणाला. "मी ठीक आहे ना? आईला दुखवून काय मिळणार?" असं म्हणताना त्याचा हात शर्टावरून पोटाकडे गेला होता. त्याला ते कळलं नसावं.

गुरुवारी, सत्तावीसला, मी सव्वानऊलाच समोर जाऊन बसले. कुणी मला बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हणालंही नाही. सुजित सकाळच्या पाळीला गेला होता. चिमी प्रतिभाच्या मांडीवर गप्प होती, आणि त्या दिवशी तिचं गप्प असणं मला सोसवत नव्हतं. नवसी आली, हात धुतले, बाळाच्या पोटावर तळवा ठेवून बराच वेळ बसली. मग बेंबीभोवती बोटं दाबून पाहिली. तिने प्रतिभाला विचारलं, "रात्री प्याली?" प्रतिभाने मान हलवली. "ओकली?" नाही. नवसी उठली. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही.

बनूबाईंनी गॅस पेटवला. सांडशीत हळकुंड धरून त्या ज्योतीवर फिरवू लागल्या. आधी धूर आला, मग उग्र वास घरभर झाला. टोक लाल झाल्यावर त्या सांडशी घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या.

"आण तिला, प्रतिभा."

प्रतिभा हलली नाही. नवसीने पुढे होऊन सांडशी बनूबाईंच्या हातातून घेतली.

"किती वेळ टेकवायचं, ते तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "बा असायचा तेव्हा तो सांगायचा. आता कोन हाय? आधी माझ्यावर बघू. पुरे म्हनलात की मी उचलीन. मग पोरीला तेवढाच वेळ."

तिने डावा हात पुढे केला आणि कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, ते टोक टेकवलं.

चरचर ऐकू आली. नवसीने हात आखडला नाही. ती बनूबाईंकडे बघत होती. बनूबाईंचं तोंड उघडं होतं. मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन. चार.

"पुरे," बनूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता.

नवसीने हळकुंड उचललं. त्या जागी पांढरा गोल उठला होता, कडेने लाल.

"माझं कातडं जुनं हाय," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "तिचं साईसारखं. आन् असे पाच. आता द्या पोरगी."

प्रतिभाने चिमीला छातीशी धरलं आणि भिंतीकडे वळली. आवाज न चढवता, पण पहिल्यांदाच ठामपणे ती सासूला म्हणाली, "मी देणार नाही. तुम्हाला गावाला जायचं तर एकट्या जा."

बनूबाईंनी नवसीच्या हातातून सांडशी काढून घेतली. स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला आणि हळकुंड पाण्यात विझल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "नवसे, इकडे ये, हात पाण्याखाली धर." त्यांनी तिला दंडाला धरून मोरीपाशी नेलं. नवसी दहा-बारा मिनिटं तिथे उभी होती. मी तोवर माझ्याकडचं भाजल्याचं मलम आणलं.

अकरा वाजता चिमी रडायला लागली. नेहमीसारखं, लाल होऊन, मुठी आवळून. नवसीचा एक हात पट्टीत होता. ती बनूबाईंना म्हणाली, "तुम्ही बसा." बनूबाई खाली बसल्या, पाय लांब केले. नातीला त्यांनी नडग्यांवर घेतलं. नवसी सांगत होती: गुडघे वर, आता सोडा, दाबू नका, थांबा. पोरगी किंचाळत होती आणि बनूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्या उठल्या नाहीत. एकोणीस मिनिटं लागली. शी मऊ होती.

रडणं लगेच थांबलं नाही. मार्चभर चाललं, रोज थोडं कमी. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी माझ्या नोंदीत चार मिनिटं आहेत आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर त्या विषयावर एकही ओळ नाही.

नवसीच्या डाव्या हाताची जखम पिकली, दोनदा दवाखान्यात जावं लागलं. आता तिथे मोठ्या नाण्याएवढा गुळगुळीत डाग आहे. ती अजून आठवड्यातून दोनदा येते. मालीश झाल्यावर बनूबाई तिला चहा देतात. कप उजव्या हातात देतात आणि तेवढा वेळ कपाकडेच बघत राहतात.