नवसाचा बोकड आणि दोन सुनांचं रक्त

आधी बकरी गाभडली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या घरात पुढचा सगळा घोळ या क्रमावरूनच झाला. आधी बकरी, मग माझी धाकटी जाऊ, मग पुन्हा दोन बकऱ्या. माझ्या सासूला ती पहिली बकरी आठवतच नाही. तिच्या तोंडून गोष्ट सुरू होते ती जावेपासून: हिचं पोट पडलं आणि मग आमच्या बकऱ्या पिल्लं टाकायला लागल्या. म्हातारीला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, हे मला लग्न होऊन आल्यावर लवकरच कळलं होतं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं. कपाशी, तूर, सोयाबीन, आणि बैलांच्या कोठ्याला लागून बकऱ्यांचं छप्पर. शेत पुरुषांचं आणि बकऱ्या बायकांच्या, अशी आमच्याकडची वाटणी आहे. म्हणजे विकायच्या वेळी पुरुषांच्या, पण चारा-पाणी, लेंड्या आणि बाळंतपणं बायकांची. जाऊ तिवस्याकडची, हडकुळी, हात अगदी बारीक. करडू आडवं आलं की सासूच तिला पुढे करायची. कोपरापर्यंत हात घालून ती ते सरळ करायची आणि ओढून काढायची. तेव्हा सासू गल्लीभर सांगत फिरायची, "माह्या लहान्या सुनंच्या हाताले गुन हाय."

ती पहिली बकरी गाभडली तेव्हा जाऊ तीन महिन्यांची पोटुशी होती. मेलेलं पिल्लू तिनंच काढलं, अडकलेली वारही तिनंच काढली, उघड्या हातानं. ते सगळं उकिरड्यावर टाकलं, तिथून कुत्र्यानं ओढत अंगणात आणलं, आणि ते पुन्हा उचलायलाही तीच गेली. वर सासूनं त्याच बकरीचं दूध तिला रोज सकाळी पाजायला सुरुवात केली. कच्चं, धारेचं, फेसासकट. पोटुशीला ताकद येते म्हणून. यात सासूचं प्रेमच होतं, तेवढं मी मान्य करते.

मग जावेला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं गोधडी ओली. सांधे धरायचे, कंबर धरायची. गावातल्या डॉक्टरनं टायफॉईड म्हणून गोळ्या दिल्या. आणि एक दिवस न्हाणीतच तिचं पोट पडलं. सासूनं तिला आंघोळ घातली, डोकं चोळलं, दोघी रडल्या. मला वाटलं, चला, निदान या बाबतीत घर माणसांचं आहे.

त्यानंतर दोन बकऱ्या लागोपाठ गाभडल्या आणि सासूचा सूरच बदलला. "हिच्या हाताले गुन होता, आता अवगुन आला," म्हणाली. जावेला छपराकडे जायची बंदी झाली. दाण्याच्या टोपल्याला हात लावायची बंदी झाली. मग एका दुपारी सासूनं जेवता जेवता जाहीर केलं, "तिले तिवस्याले धाडून द्या. बकऱ्या नीट व्याल्या की पाहू." दीर समोर बसलेला. तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प. भात कालवत राहिला.

बकऱ्या नीट व्याल्या की पाहू! म्हणजे माझ्या जावेचा संसार बकऱ्यांच्या पोटावर टांगलेला. आणि माहेरी धाडलेली बाई आमच्याकडे कधी आणायला जातात आणि कधी जात नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या माहेरी परतवाड्याला शेजारीच एक अशी होती, चार दिवसांसाठी आलेली. तिचे केस तिथेच पांढरे झाले. मी ताट सरकवलं आणि म्हणाले, "तिले धाडाच्या आधी बकऱ्याईचं रगत तपासा."

माझा नवरा हसला. "बकऱ्याईचं काय तपासतं वं?"

"तेच, जे तुमाले तपासाचं नाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी गावात आल्या. एकेका बकरीच्या मानेवरचे केस कापायच्या, शीर अंगठ्यानं दाबायच्या, सुई घालायच्या, नळी भरली की तिरपी करून ठेवायच्या. रक्त गोठून वर पिवळसर पाणी सुटलं की ते पाणी तपासतात. मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी मला ते दाखवलंसुद्धा. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्या पाण्याचा एक थेंब, त्याच्याशेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब, आणि दोन्ही काडीनं कालवायचे. रोग नसला की गुलाबी तसंच राहतं. आमच्या गाभडलेल्या तिन्ही बकऱ्यांच्या थेंबात, दूध नासावं तसे, दाणे धरले.

"एवढ्यावर मी शिक्का मारणार नाही," बाई म्हणाल्या. "अकोल्याला प्रयोगशाळेत पाठवते. पण मला बोकडाचं रक्तही पाहिजे. यांना बोकड कोणता दाखवला?"

खरी अडचण इथे होती. कारण बोकड आमचा नव्हता. तो मरीमायचा होता.

आमच्या शेजारच्या काकाजींनी नातू दुखण्यातून उठावा म्हणून मरीमायला नवस बोलला होता. नवसाचा बोकड देवीला कापेपर्यंत बांधत नाहीत. तो गावभर मोकळा, ज्याच्या दारात जाईल त्यानं मूठभर दाणे टाकायचे. आणि मोकळा बोकड म्हटल्यावर गावातल्या निम्म्या बकऱ्या त्याच्याच. लोक कौतुकानं सोडायचे, देवाचं बीज म्हणून. काही दिवसांपासून त्याचं एक अंड केवढं तरी सुजलं होतं. चालताना पाय फाकवायचा. पारावरच्या लोकांना ती मर्दानगी वाटायची. "काय बोकड हाय बाप्पा!" म्हणायचे. मी सूज सांगितली तेव्हा डॉक्टरीण बाईंनी कपाळाला हात लावला.

मी काकाजींच्या दारात गेले. बाई सोबत होत्या. काकाजी खाटेवर बसलेले.

"काकाजी, बोकडाचं थोडं रगत घ्याचं हाय. तपासाले."

"देवाच्या आधी?" काकाजी एकदम उभे राहिले. "देवीच्या आधी सुई रगत पेईन? उष्टा होते तो बोकड! मंग मी मरीमायले काय दाखवू?"

चार माणसं जमली. सगळ्यांचं एकच, बोकड उष्टा होईल, गावावर कोप येईल. गावातल्या बकऱ्या गाभडत होत्या तो कोप नव्हता म्हणे. तो माझ्या जावेच्या हाताचा अवगुण. देवाचा बोकड सुजून रोग वाटत फिरतोय, ते पवित्र. आणि दुखणं सोसून उठलेली पोरगी पनवती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोकडाच्या कानामागे हात घातला, टम्म फुगलेला एक गोचीड ओढून काढला आणि काकाजींच्या खाटेच्या लाकडी गातावर ठेवला.

"हा कोनाच्या आधी जेवला, काकाजी? याच्यानं नाई झाला उष्टा?"

कोणीतरी फिसकन हसलं. काकाजींचा चेहरा लाल. "मोठ्या सुनंनं असं बोलाव? घरात माणसं नाईत काय तुमच्या?"

"हायेत. भात खाऊन राहिलेत," मी म्हणाले.

काकाजी मला हाकलूनच देणार होते. पण तेवढ्यात त्यांची बायको माजघरातून आली. काकीजी कधी चारचौघांत बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी बोकडाची शिंगं धरली, मान वाकडी केली आणि डॉक्टरीण बाईंना म्हणाल्या, "घ्या बाई. माह्याही दोन बकऱ्या गाभडल्या. याईनं सांगू नाई देल्लं. म्हने, नवसाले बट्टा लागते."

काकाजी खाली बसले. मला त्या माणसाची कीव यायला हवी होती, आली नाही. त्यांच्या घरात दोन बकऱ्या गाभडल्या हे त्यांना माहीत होतं. आणि तरी आमच्या ओट्यावर बसून, आमचा चहा पीत, माझ्या सासूला माझ्या जावेबद्दल सल्ले देत होते. मी तो चहा स्वतः केला होता.

अकोल्याहून उत्तर आलं. बकऱ्यांना रोग, बोकडाला रोग. गाभ टाकायला लावणारा, जनावराकडून माणसाला होणारा. ऐकल्या ऐकल्या माझ्या नवऱ्यानं विचारलं, बाजारात नेऊन टाकायच्या का. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गावातल्या एखाद्या सुनेच्या हाताला अवगुण लागू द्यायचा. मी म्हणाले, नेऊन तर पाहा. मग त्या वेगळ्या बांधल्या. त्यांचं पुढे काय करायचं ते डॉक्टरीण बाई ठरवणार होत्या.

त्यांनीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांची बाळंतपणं कोण करतं? घरात कोणाला संध्याकाळचा ताप येतो का?" मी जावेचं सगळं सांगितलं. बाई गंभीर झाल्या. "त्यांना अमरावतीला न्या. आणि तुम्हीही रक्त द्या."

मी तिला घेऊन अमरावतीला गेले. बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली होती. म्हणाली, "ताई, माह्यात निघालं तं?"

"तं औषध घेशील."

"आन् नाई निघालं तं?"

मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. नाही निघालं तर दोष पुन्हा तिच्या हातालाच लागणार होता, आणि हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

निघालं. डॉक्टर म्हणाले, पोट त्यामुळेच पडलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण पडू शकतं. दीड महिना दोन प्रकारच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही. कच्चं दूध बंद. बरी झाल्यावर पुन्हा मूल व्हायला हरकत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं, तिला नीट ऐकू यावं म्हणून.

आणि माझ्याही रक्तात निघालं. माझी कंबर वर्षभर धरते, मी ती वयावर ढकलत होते. मलाही त्याच गोळ्या, तेवढेच दिवस.

घरी आलो तेव्हा सासू ओट्यावर तूर निवडत होती. दीर आणि माझा नवरा दोघेही होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं: बकरीपासून हिला झालं, हिच्यापासून बकरीला नाही. सासूनं एवढं सगळं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"म्हंजे हिच्या रगतातच हाय! मी काय सांगून राहिली होती इतके दिवस?"

गावाशी भांडून, देवाच्या बोकडाला सुई टोचून मी जो पुरावा आणला, तो म्हातारीनं माझ्याच हातातून घेऊन पोरीच्या कपाळावर मारला.

"आई, माह्याही रगतात निघालं," मी म्हणाले.

सासूनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तुले कावून झालं वं माय? आराम कर थोडा. गोळ्या घेजो येळेवर. लेकरं हायेत तुले." आणि त्याच श्वासात दिराला म्हणाली, "हिची ब्याग भर. उद्याच्या गाडीनं तिवसा."

रोग तोच. गोळ्या त्याच, एकाच दुकानातून, एकाच पिशवीत आणलेल्या. मला तो आजार, आणि तिला तो अवगुण. कारण मला दोन लेकरं आहेत आणि त्यातला एक मुलगा. बाकी काही फरक असेल तर तो अकोल्याच्या प्रयोगशाळेलाही सापडला नसता.

मी आत गेले. जावेच्या लुगड्यांशेजारी माझीही लुगडी काढली, दोन ब्यागा भरल्या, दोघींच्या गोळ्या आपापल्या ब्यागेत वरच ठेवल्या आणि त्या दाराशी आणून ठेवल्या.

"तू कुठी चालली?" सासू म्हणाली.

"जिच्या रगतात निघालं ते तिवस्याले जाते म्हनता ना? मले तेवढंच निघालं. चाल वं," मी जावेला म्हणाले.

सासू एकदा ब्यागांकडे, एकदा चुलीकडे पाहत होती. मग तिनं विचारलं:

"मंग सैपाक कोन करन?"

दोन सुनांच्या रक्तात रोग निघाला होता, एकीचं लेकरू गेलं होतं, आणि म्हातारीनं हे विचारलं. जाऊ हसायला लागली. पोट पडल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून हसता हसता ती खाली बसली आणि मग रडली. आणि तेव्हा कुठे दिरानं तोंड उघडलं. म्हणाला, "आई, ते कुठी नाई जात."

एवढंच म्हणाला. इतके दिवस कुठे होतं हे वाक्य, ते त्याचं त्याला ठाऊक.

आम्ही गेलो नाही. पण ब्यागाही मी आत नेल्या नाहीत. सासूनं दोनदा उचलायला सांगितलं, एकदा स्वतः उचलायला वाकली. मी म्हणाले, राहू द्या. दीड महिना त्या दोन भरलेल्या ब्यागा आल्यागेल्यासमोर दाराशी होत्या. रोज जेवण झालं की आम्ही दोघी तिथे जायचो, चेन उघडायचो, आपापल्या गोळ्या काढायचो आणि सासूच्या देखत गिळायचो.